"मला तीन झाकणं दे": लहान मुलांना मोजायला शिकवताना

मोजायला शिकवायचं आहे ना, मग पहिले पंधरा दिवस आकड्याचं नावही काढू नका. माझ्या वर्गात मोजणीची सुरुवात वाटपाने होते. साडेतीन ते पाच वर्षांची २२ मुलं गोल करून बसतात. रोज एकाची पाळी. त्याने खडूंचा डबा घ्यायचा आणि फिरत फिरत प्रत्येकाच्या हातावर एकेक खडू ठेवायचा. कुणाला दोन गेले किंवा कुणी राहून गेलं की तो स्वतःच ओरडतो, मला बोलावं लागत नाही. वाटून झालं की मी एवढंच विचारते, "पुरले का? उरले का?" डबा मी मुद्दाम कधी नेमका भरते, कधी दोन खडू जास्त टाकते, कधी एक कमी ठेवते. कमी ठेवलेल्या दिवशी सगळ्यात जास्त शिकणं होतं, कारण त्या दिवशी सगळा वर्ग विचार करतो की आता काय करायचं.

पुरणं, उरणं, कमी पडणं, जास्त होणं, तितकेच असणं. यात एकही आकडा नाही, तरी हे गणितच आहे. बाटल्या आणि त्यांची टोपणं, कप आणि बश्या, मुलं आणि बसायच्या चटया, अशा जोड्या लावायला दिल्या तरी हेच साधतं. "एका मुलाला एक खडू" हे हाताला सवयीचं झालं की "एका वस्तूला एक आकडा" हे मुलाला परकं वाटत नाही. वाटप तेच, खडूच्या जागी शब्द आला इतकंच.

म्हणता येतं, पण मोजता येतं का?

मागे एक चार वर्षांचा मुलगा वर्गात आला. पन्नासपर्यंत आकडे एका दमात म्हणायचा. घरच्यांना त्याचं फार कौतुक होतं आणि ते रास्तच होतं, पाठांतर ही काही छोटी गोष्ट नाही. मी त्याच्यासमोर बाटल्यांच्या झाकणांचा ढीग ठेवला, हात पुढे केला आणि म्हटलं, "मला तीन झाकणं दे."

त्याने ओंजळ भरून झाकणं माझ्या हातात ओतली.

"ही तीन आहेत का रे?"

"हो."

"मोजून बघू या?"

त्याने मोजली. छान मोजली, एकेक बाजूला सारत, अकरापर्यंत.

"मग, तीन आहेत?"

"हो ताई," अगदी ठामपणे.

मग मी "एक दे" म्हटलं. त्याने नेमकं एक दिलं. "दोन दे" म्हटल्यावर पुन्हा ओंजळ. म्हणजे या मुलाला "एक" कळला होता, बाकीचे एकोणपन्नास आकडे गाण्यातल्या शब्दांसारखे होते. त्याच्या लेखी "तीन" म्हणजे "बरेच".

हे त्या एका मुलाचं वेगळेपण नव्हतं. कॅरेन विन या मानसशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये नेमकं असंच "इतके दे" सांगून लहान मुलांची समज तपासली होती. मुलं आधी "एक" चा अर्थ शिकतात, काही महिन्यांनी "दोन" चा, मग "तीन" चा. या पायऱ्या चढत असताना केव्हातरी त्यांना उमगतं की मोजताना आपण जिथे थांबतो, तितक्या त्या वस्तू असतात. ते उमगलं की पुढचे आकडे एकेक करून शिकवावे लागत नाहीत. तोवर मात्र प्रत्येक पायरीला वेळ द्यावाच लागतो, आणि हा वेळ आठवड्यांचा नाही, महिन्यांचा असतो.

म्हणून माझा पहिला आग्रह हा: "किती आहेत?" हा प्रश्न कमी करा, "इतके दे" हे वाढवा. "किती" ला मूल आकडे म्हणून मोकळं होतं. "दे" म्हटलं की त्याला थांबावं लागतं, आणि मोजणीतली अवघड गोष्ट थांबणं हीच आहे.

वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाला एकटं बसवून तीन मिनिटं हे बघून घ्या. एक दे, दोन दे, तीन दे, असं चढत जायचं. प्रत्येक आकडा मध्ये दुसरं काहीतरी विचारून दोन-तीनदा मागायचा, म्हणजे योगायोगाने बरोबर आलेलं लक्षात येतं. जिथे ओंजळ येते तिथे मूल अडलेलं आहे. वहीत नाव, तारीख आणि तो आकडा लिहायचा. "दोन" वर असलेल्या मुलाला दहापर्यंत शिकवण्याच्या मागे लागू नका, त्याच्याशी महिनाभर "तीन" खेळा. तीन टाळ्या, तीन उड्या, तीन ठोकळ्यांचा मनोरा, तीन पायांचं स्टूल. आणि शेजारी "तीन नसलेलं" सुद्धा ठेवा: "ही तीन बटणं. ही तीन नाहीत, ही चार आहेत." काय नाही ते दाखवल्याशिवाय काय आहे ते ठसत नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

याचा खेळ करायला मी बुटांच्या खोक्याचं अस्वल केलंय. झाकणाला मोठं तोंड कापलंय, वर दोन कान चिकटवलेत. अस्वल जाड आवाजात म्हणतं, "मला चार बिया हव्यात!" मुलं एकेक बी तोंडात टाकतात. जास्त पडल्या तर अस्वलाचं पोट दुखतं, कमी पडल्या तर ते कण्हत राहतं. मग खोकं उघडून सगळ्यांनी मिळून बघायचं, काय चुकलं. चूक अस्वलाच्या पोटात सापडते, त्यामुळे कुणाला वाईट वाटत नाही. महिन्याभराने आवाज मुलांना काढू द्या. मागणाऱ्याला आकडा ठरवावा लागतो आणि आलेल्या बिया तपासाव्याही लागतात, म्हणून मागणारा देणाऱ्याइतकंच शिकतो.

वस्तूंबद्दल एक सांगून ठेवते. तीन वर्षांखालची मुलं वर्गात असतील तर बिया, बटणं, मणी अजिबात नकोत. टॉयलेट पेपरच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी हाताशी ठेवा. जी वस्तू तिच्यातून आरपार जाते ती त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकते. त्यांच्यासाठी मोठे ठोकळे आणि मोज्यांचे गोळे. मोठ्या मुलांनाही बिया दिल्या की मी उठत नाही, शेजारीच बसते.

"सहा" ला दोन बोटं

आता प्रत्यक्ष मोजताना काय होतं ते बघा, अगदी खाली बसून, मुलाच्या बोटाच्या उंचीवरून. एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक शब्द एका झटक्यात संपतो आणि बोटही एकेक वस्तूवर पडतं. मग येतो "सहा". "स" ला एका खड्यावर बोट, "हा" ला दुसऱ्या. सात, आठ पुन्हा सुरळीत. मग "न" ला एक, "ऊ" ला एक, आणि "द" ला एक, "हा" ला एक. तेरा खडे असले तरी मूल "दहा" म्हणून थांबतं आणि आपल्याला वाटतं, याचं लक्ष नाही. लक्ष असतं. त्याचं बोट तोंडाच्या तालावर चालत असतं आणि आपल्या आकड्यांचा ताल मध्येच बदलतो.

यावर ओरडून उपयोग नाही, "नीट मोज" म्हणूनही नाही. बोट लावून मोजण्याऐवजी वस्तू हलवून मोजायला लावा. जमिनीवर खडूने एक रेघ ओढायची. रेघेच्या अलीकडे घर, पलीकडे शाळा. खडे घरी आहेत, एकेकाला शाळेत सोडायचं. खडा पलीकडे टेकेपर्यंत शब्द पूर्ण म्हणायचा आणि हात सोडायचा. बोट चटकन सरकतं, पण खडा उचलून ठेवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात "सहा" अख्खा म्हणून होतो. शिवाय मोजलेलं कुठलं आणि राहिलेलं कुठलं, हेही रेघच सांगते, त्यामुळे तोच खडा दोनदा मोजणं किंवा मधला सुटणं आपोआप कमी होतं. पुढे खडे ओळीत लावून फक्त बोट, त्याहून पुढे गोलात मांडलेले खडे. गोल फार अवघड, कारण सुरुवात कुठून केली ते लक्षात ठेवावं लागतं. तिथे पहिल्या खड्यावर पान ठेवायची युक्ती एका मुलीनेच काढली, तेव्हापासून आमच्याकडे ते "तिचं पान" आहे.

मोजून झालं, मूल "पाच" म्हणालं, आणि तुम्ही विचारलंत, "मग किती?" की ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. हे सगळ्यांनी पाहिलेलं असेल. त्याच्या दृष्टीने "किती" चं उत्तर म्हणजे मोजण्याची कृती. "पाच" हे नाव त्याने शेवटच्या खड्याला दिलंय, सगळ्यांना मिळून नाही. अशा वेळी मी दोन गोष्टी करते. मोजून होताच सगळ्या खड्यांभोवती हात फिरवून म्हणते, "पाच! पाच खडे." आणि कधी उलटं करते, आधीच सांगते, "हे चार खडे आहेत, बघू या: एक, दोन, तीन, चार." मुलाची मोजणी झाली की लगेच वर रुमाल टाकला तर आणखी छान. पुन्हा मोजायला काही दिसतच नाही, मग ते क्षणभर थांबतं, आठवतं आणि सांगतं.

रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या संशोधकांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, कुठलीही गोष्ट मोजता येते, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. मला हे वाचायला मिळालं तेव्हा वर्गातल्या चुकांना एकदम नावं मिळाल्यासारखं झालं. मूल चुकलं की मी आता मनात विचारते, या पाचातलं कुठलं? उत्तर मिळालं की खेळ सुचतो.

डब्यातला आवाज

माझा सगळ्यात लाडका खेळ. पत्र्याचा रिकामा डबा आणि मूठभर खडे. मुलं डोळे मिटून बसतात. मी एकेक खडा डब्यात टाकते. टण्ण. थोडं थांबून, टण्ण. पुन्हा टण्ण. "किती?" बोटांनी दाखवायचं, बोलायचं नाही, म्हणजे एकाचं ऐकून दुसरं सांगत नाही. मग डबा पालथा करून खरंच मोजायचं.

आवाजाला बोट लावता येत नाही आणि तो मागे उरतही नाही. मुलाला मोजणी डोक्यातच सांभाळावी लागते. डोळ्यांसमोर दहा खडे बिनचूक मोजणारी मुलं आवाजाचे चार मोजताना गडबडतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला धक्का बसला होता. सुरुवातीला तीनच्या वर जाऊ नका, दोन आवाजांत एक श्वासाचं अंतर ठेवा. पुढे अंतर कमी-जास्त करा, कारण समान अंतरावर मुलं ताल धरतात आणि मोजणं सोडून देतात. मग एक दिवस डबा उपडा न करता म्हणा, "आत चार आहेत. आता ऐका." टण्ण. "आता किती?" तिथे बेरीज सुरू झालेली असते, बेरीज हा शब्द न वापरता.

फासा, पट आणि शून्य

तीनपर्यंत वस्तू माणूस न मोजता, बघताक्षणी ओळखतो, मोठी माणसं चारपर्यंतही. ही ओळख मुलांच्यात वाढवायला फाशासारखं साधन नाही. स्पंजचा मोठा ठोकळा घेऊन त्यावर ठिपके रंगवा. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येईल असे रंगवले तर मोठी मुलं ते स्वतः शोधून काढतील. चार वर्षांच्या मुलांसाठी मी सहा बाजूंवर एक, दोन, तीन हेच दोनदा रंगवते. ठिपक्यांची पत्तीही करते, दोन सेकंद दाखवून लपवायची. ठिपके नेहमी फाशासारखेच मांडू नका, नाहीतर मुलं चित्र पाठ करतात.

पट करायचा तर सरळ ओळीतला करा, एक ते दहा घरांचा, डावीकडून उजवीकडे. रॉबर्ट सिगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये असाच पट लहान मुलांना खेळायला दिला होता. दोन आठवड्यांत सुमारे पंधरा मिनिटांचे चार डाव एवढ्यावर मुलांची आकड्यांची जाण वाढली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर ती वाढली नाही. खेळताना एक नियम पाळा. सोंगटी चारवर आहे आणि दोन पडले, तर "एक, दोन" म्हणत पुढे जायचं नाही, "पाच, सहा" म्हणत जायचं. मुलांना हे सुरुवातीला जड जातं. मी त्यांच्याबरोबर म्हणते, चूक काढत बसत नाही.

शून्याला लोक घाबरतात, त्याची काही गरज नाही. मारिया मॉन्टेसरींच्या काड्यांच्या पेटीत ० ते ९ असे दहा कप्पे असतात आणि बरोब्बर ४५ काड्या. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो आणि नवाचा भरला की हातात एकही काडी उरत नाही. म्हणजे चूक झालीच तर पेटी स्वतः सांगते. पेटी नसेल तर खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करा. आणि हा खेळ नक्की खेळा: "तीन वेळा उडी मारा. एक वेळा टाळी वाजवा. शून्य वेळा उभे राहा!" पहिल्या दिवशी अर्धा वर्ग उभा राहतो. तिसऱ्या दिवशी सगळे घट्ट बसून राहतात, ओठ दाबून, एकमेकांकडे बघत, आणि "शून्य" काय आहे ते अंगात भिनलेलं असतं.

अंक लिहायची घाई करू नका. ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले भाऊ, १ आणि ९ सुद्धा मुलांना सारखेच दिसतात. वाळूत बोटाने, हवेत हाताने, एवढं पुरे.

दहाच्या पुढे आपली भाषा

मराठीत मोजणाऱ्या मुलाचे कष्ट थोडे वेगळे आहेत आणि ते आपण ओळखले पाहिजेत. अकरा, बारा, तेरा यांत "दहा" ऐकू येत नाही. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. म्हणून मूल पंचवीस ऐकून ५२ लिहितं. ते बेफिकीर नसतं, ऐकू आलं त्या क्रमाने लिहितं.

मी दहा-दहा काड्यांच्या जुड्या रबराने बांधून ठेवते. "दोन जुड्या आणि पाच सुट्या." हात जुड्यांकडे आधी न्यायचा, सुट्यांकडे नंतर, आणि मग नाव सांगायचं, "पंचवीस." नाव उलटं असलं तरी हाताचा क्रम लिहिण्याच्या क्रमाशी जुळतो.

एकोणीसचा मात्र मला मनापासून आनंद आहे. ओळीत वीस चटया अंथरायच्या, मुलांना बसवायचं आणि एकाला उठवायचं. रिकामी चटई दाखवून म्हणायचं, "वीसला एक उणा. एकोणीस." एकोणतीस, एकोणचाळीस, तीच रिकामी जागा पुढच्या दशकाजवळ. हे कळलेली मुलं शंभराच्या आधी "एकोणशंभर" म्हणतात. मी त्यांना आधी शाबासकी देते, कारण त्यांनी नियम पकडलाय, आणि मगच "नव्याण्णव" सांगते.

माणसं मोजताना आपण "तीन मुलं" तर म्हणतोच, "तिघे" ही म्हणतो. एकटा, दोघे, तिघे, चौघे. हे शब्द खेळात मुद्दाम आणा: "तिघे जण पाणी आणायला जा." कोण जातं, कोण थांबतं, हे मुलांचं मुलांनाच ठरवू द्या.

वही आणि कान

खेळ पाच-सात मिनिटांचा असावा आणि मुलं आणखी मागत असतानाच थांबवावा. दर महिन्याला पुन्हा तीच "इतके दे" ची फेरी घेऊन वहीत नवा आकडा लिहावा. ओंजळ भरून देणारा तो मुलगा "एक" वरून "दोन" वर यायला दोन महिने लागले, "तीन" ला आणखी दोन. नंतर सुट्टीहून परत आला तो थेट सहा देऊ लागला. मधल्या काळात वहीत काहीच हलत नव्हतं, पण त्याचा खेळ मी थांबवला नव्हता.

आकडा बराच काळ अडला तर मुलाला दोष द्यायच्या आधी कुठल्या खेळात अडतं ते बघा. एक मुलगी रेघेवरचे खडे, फासा, अस्वल सगळं व्यवस्थित करायची, पण डब्याच्या खेळात रोज चुकायची. मी तिला बरेच दिवस "लक्ष दे" म्हणत राहिले. एकदा ती सहज माझ्या दुसऱ्या बाजूला बसली आणि चारही आवाज बरोबर सांगितले. जागा बदलून पुन्हा पाहिलं, पुन्हा तसंच. घरच्यांना सांगितलं, तपासणीत एका कानात पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. उपचार सुरू झाले. तोवर मी तिची चटई माझ्या डाव्या हाताला, डब्याच्या अगदी जवळ टाकत होते.